सात गावांचा पिसाळलेला तहसीलदार

मी जनावरांची डॉक्टर आहे असं सांगितलं की शहरातली माणसं लगेच आपल्या मांजरीबद्दल बोलू लागतात आणि खेड्यातली आपल्या कंबरेबद्दल. भंडारा जिल्ह्यात, सानगडीच्या अलीकडच्या एका गावी ढोरांच्या दवाखान्यात मी रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी ओट्यावर सात-आठ बाया पदर सावरून बसलेल्या होत्या. 'बाई डॉक्टर आली' एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं. मी म्हटलं, "अहो, मी गाई-म्हशींची डॉक्टर आहे." त्यावर पहिली बाई जागची न हलता म्हणाली, "असू दे ना वो बाई. गाईले दुखते तसंच आमालेबी दुखते."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. दवाखान्यात आम्ही दोघंच. मी आणि आमचे ड्रेसर देवाजी. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि दांडगा बैल दोरीच्या दोन वेढ्यांत अलगद आडवा पाडणं ही त्यांची कामं. माझ्याकडे लुना होती. पण बाईच्या मागे गाडीवर बसायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे मी लुनावर पुढे आणि ते सायकलवर मागे, अशी आमची वरात निघायची. चढावर ते मला गाठायचे, उतारावर मी त्यांना.

आमच्या खात्याच्या लेखी जनावर म्हणजे गाय, बैल आणि म्हैस. शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी यांना 'लहान जनावरे' म्हणत आणि औषधांच्या यादीत त्यांची जागा शेवटच्या ओळीत असे. बकरीला गोळी द्यायची तर बैलाच्या गोळीचे चार तुकडे करायचे. कुत्र्याला गुंगीचं इंजेक्शन द्यायचं हे तर स्वप्नातही नाही. तरी लोक शेळ्या आणत, कोंबड्या टोपलीत घालून आणत, आणि आम्ही आपलं जमेल ते करत असू.

अशात आमच्याकडे रोगवार्ता कार्डं आली. योजना साधी होती. प्रत्येक गावात एक वार्ताहर नेमायचा. कुठे शाळेचे गुरुजी, कुठे पोस्टमन, कुठे किराणा दुकानदार. त्याच्याकडे छापील कार्डांचा गठ्ठा. गावात जनावरांना काही आजार दिसला की खूण करायची, दोन ओळी लिहायच्या आणि कार्ड टपालात टाकायचं. एक कार्ड आमच्याकडे, एक भंडाऱ्याच्या कार्यालयात. तिथे आमच्या वरिष्ठ साहेबांच्या भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता आणि साहेब स्वतःच्या हाताने त्यावर टाचण्या लावायचे. कुठे टाचण्या वाढल्या की आजूबाजूच्या सगळ्या गावांना 'सावध राहा' म्हणून पत्रक जायचं.

मोठ्या जनावरांसाठी ही व्यवस्था सोन्यासारखी होती, हे मी आजही सांगेन. पूर्वी घटसर्पाची बातमी आमच्यापर्यंत यायची तोवर म्हशी मरून पडलेल्या असायच्या. आता पहिली म्हैस आजारी पडताच कार्ड यायचं आणि आम्ही लस घेऊन शेजारच्या गावात आधीच हजर. कार्डावर गुराढोरांच्या रोगांची नावं, लक्षणं, सगळं व्यवस्थित छापलेलं होतं. लहान जनावरांसाठी मात्र खाली एकच रिकामी ओळ, 'इतर'. त्या ओळीत वार्ताहर मंडळींची प्रतिभा नुसती उधळायची. 'कोंबड्या उदास आहेत.' 'बकरी कालपासून बोलत नाही.' एका दुकानदाराने लिहिलं होतं, 'मांजर पूर्वीसारखी वागत नाही, कृपया यावे.' देवाजी आणि मी ही कार्डं वाचून इतके हसायचो की बाहेर बांधलेल्या बैलांनी मान वळवून पाहावं.

वर्षभराने साहेबांनी मला भंडाऱ्याला बोलावलं. म्हणाले, "मॅडम, योजनेचं मूल्यमापन मागितलंय. मोठ्या जनावरांचं मी लिहितो. लहान जनावरांवर काय परिणाम झाला, ते तुम्ही लिहा. शुक्रवारपर्यंत." मग नकाशाकडे बोट दाखवून ते गंभीर झाले. "आणि हे बघा."

माझ्याच भागात, तलावांच्या कडेकडेने, सात लाल टाचण्या होत्या. सात गावांत सात पिसाळलेली कुत्री.

"साथ आहे," साहेब म्हणाले. "सातही गावच्या सरपंचांचा अर्ज आलाय. कुत्र्यांना विष घालायची परवानगी मागताहेत. सगळ्या कुत्र्यांना. तुमचा अहवाल आला की सोमवारी निर्णय घेऊ."

पिसाळणं ही चेष्टेची गोष्ट नाही. एकदा लक्षणं दिसली की त्यावर औषध नाही, कुत्र्याला नाही आणि माणसालाही नाही. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यामुळे सरपंच चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. पण सात गावांतली झाडून सगळी कुत्री! मी एसटी धरून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती सात कार्डं दवाखान्याच्या टेबलावर मांडली. देवाजी चष्मा लावून एकेक वाचू लागले. 'लाल कुत्रा, एक कान अर्धा, तोंड उघडे, लाळ.' दुसरं, 'तांबूस रंग, कान तुटका, लाळ गळते.' तिसरं, 'विटकरी कुत्रा, कानाचा तुकडा नाही.' चौथ्यात गुरुजींनी लिहिलं होतं, 'वाघासारखा दिसतो, परंतु कान कमी.' पाचव्या कार्डात कानाचा उल्लेख नव्हता, नुसतं 'लाल कुत्रा, बंदोबस्त केला' एवढंच. सहाव्या आणि सातव्यात पुन्हा तुटका कान.

देवाजींनी चष्मा काढला. "मॅडम, ही सात कुत्री नाहीत जी. हा एकच बुवा आहे. गावोगाव दौऱ्यावर निघाला आहे."

मला आधी हसू फुटलं, मग काटा आला. कारण सगळंच उलगडलं. एका गावाने त्याला दगड मारून हाकललं, की तो पाऊलवाटेने पुढच्या गावात. पुढच्या गावात आमचं 'सावध राहा' पत्रक आधीच पोचलेलं. तिथला वार्ताहर डोळ्यांत तेल घालून बसलेला. दिसला कुत्रा, गेलं कार्ड, लागली टाचणी, निघालं पत्रक. साथ आम्हीच घडवत होतो!

मग मी कार्डांवरच्या तारखा पाहिल्या आणि खुर्चीतून उठलेच. पहिल्या आणि शेवटच्या कार्डात नऊ दिवसांचं अंतर होतं. पिसाळलेल्या कुत्र्याचा जबडा एकदा असा लोंबू लागला की तो बहुतेक चार-पाच दिवसांत मरतो. हा नऊ दिवस चालतोय. शिवाय सात गावं फिरला आणि कोणालाही चावला नाही. तोंड उघडं, लाळ, खाणं बंद, पण चावा नाही. त्याच्या तोंडात काहीतरी अडकलेलं असू शकत होतं.

'असू शकत होतं' हे मुद्दाम लिहिते. कॉलेजात आम्हाला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं की तोंड उघडं राहिलेल्या कुत्र्याच्या जबड्यात 'हाड अडकलं असेल' म्हणून हात घालू नका. पुष्कळ डॉक्टरांनी तीच समजूत करून घेतली आणि जीव गमावला. दोन्ही आजार बाहेरून सारखेच दिसतात.

पहिलं कार्ड मी पुन्हा वाचलं. त्यात वर्णनाच्या आधी तिथल्या गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या गावचा तहसीलदार पिसाळला आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.'

आम्ही थेट त्याच गावी गेलो. तहसीलदार हे कुत्र्याचंच नाव होतं. मालकीण सरूबाई, तलावात मासे धरणारी, साठीला टेकलेली, काटक बाई. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाळं वाळत घालत होती. मी विचारलं, "कुत्र्याचं असं नाव काहून ठेवलं?"

"मंग काय ठेवू? दिवसभर पारीवर बसून राह्यते, काम काही नाही, अन् मासा आला का पयले याले पायजे."

देवाजी हसत सुटले. सरूबाई हसली नाही. तिने हातातलं जाळं खाली ठेवलं.

"मी त्या दिवशी बाजारात गेली होती. इकडं बारशाचं मटण होतं. परत आली तं लोक म्हणे, तहसीलदार पिसाळला, गोटे मारून हाकलला. मी म्हटलं, मले न विचारता काहून हाकलला रे? कोणी सांगत नाही. तुमीच सांगा, माहा कुत्रा कोनाले चावला?"

"कोणाला नाही," मी म्हटलं. "आम्ही त्यालाच शोधायला निघालोय."

"थांब मंग," म्हणाली. मासे धरायचं फेकजाळं तिने खांद्यावर टाकलं आणि मी काही बोलायच्या आत माझ्या लुनावर मागे बसली. देवाजींना जे वर्षभर जमलं नव्हतं, ते तिने एका क्षणात केलं. लुना कुरकुरली, पण निघाली. आयुष्यात पहिल्यांदा गाडीवर बसलेली सरूबाई प्रत्येक खड्ड्याला "अरे बाप्पा!" म्हणून ओरडत होती आणि भाताच्या बांधीत काम करणाऱ्या बायांना हात करून सांगत होती, "पाहा वो, मी चालली!"

कार्डांच्या क्रमाने आम्ही गावं घेत गेलो. पाचव्या गावी हसणं थांबलं. तिथला वार्ताहर आम्हाला मोठ्या उत्साहाने गावाबाहेर घेऊन गेला. 'बंदोबस्त केला' म्हणजे लाठ्यांनी मारून पुरला होता. मी विचारलं, "त्याचा कान तुटका होता?"

तो घुटमळला. "कान तं... दोनी होते जी."

तो दुसराच लाल कुत्रा होता, त्याच गावातल्या एका घरचा. त्याची चूक एवढीच की त्याचा रंग आमच्या पत्रकातल्या रंगाशी जुळत होता. त्या घरासमोर रिकामा दोर खुंट्याला तसाच बांधलेला होता. घरची बाई दारात येऊन उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. मला तिच्याशी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. आमच्या पत्रकात एक ओळ जास्त असती, कुत्र्याची खूण काय, मालक कोण, तर तो जगला असता. नोकरीतल्या ज्या थोड्या गोष्टी मला अजून टोचतात, त्यात हे आहे.

सातव्या गावात पोचलो तर गाव जमिनीवर नव्हतंच. माणसं भाताच्या तणसाच्या ढिगांवर, बैलगाड्यांवर, एक गृहस्थ तर सहकुटुंब गोठ्याच्या छपरावर. सगळ्यांची बोटं एकाच दिशेला. कालव्याजवळच्या पडक्या पंपघराकडे.

आत कोपऱ्यात तो उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला, तोंड उघडं, लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. मी दारातून पाहत राहिले. त्याने पुढचा पाय उचलून तोंडावर दोनदा ओढला. मला आशा वाटली, पण आशेवर हात घालता येत नाही.

सरूबाईने हाक मारली, "तहसीलदार! ए, तहसीलदार!"

त्याने शेपूट हलवलं. फार नाही, टोक तेवढं.

"ओळखलं ना वो बाई! पिसाळला असता तं मले ओळखला असता का?"

"सरूबाई, पिसाळलेला कुत्राही कधी कधी मालकाला ओळखतो. जवळ जाऊ नका."

"जवळ कायले जाऊ?" म्हणून तिने जाळं हातावर घेतलं, कंबरेतून अशी फिरली की साठ वर्षांची बाई आहे हे विसरावं, आणि फेकलं. जाळं हवेत ताटासारखं गोल उघडलं आणि कुत्र्यावर पडलं. कुत्र्यावरच नव्हे, बाजूने दोर घेऊन सरकत असलेल्या देवाजींवरही. एका जाळ्यात देवाजी आणि तहसीलदार! तणसावरून कोणीतरी ओरडलं, "दोन मासे लागले!" आणि घाबरून छपरावर बसलेलं ते गाव खदखदून हसू लागलं. देवाजी मात्र दगडासारखे स्तब्ध. जाळ्यातून फक्त डोळे हलत होते. "मॅडम," ते दबल्या आवाजात म्हणाले, "मले आधी काढता का त्याले?"

आम्ही आधी देवाजींना काढलं. मग तयारी केली. गाईची गर्भतपासणी करायचे खांद्यापर्यंतचे हातमोजे मी एकावर एक तीन जोड चढवले, तोंडाला ओढणी गुंडाळली, डोळ्यांवर देवाजींचा चष्मा. त्यातून मला एकाचे दोन दिसू लागले, तो काढून पुसून पुन्हा लावला. देवाजींनी जाळ्यातूनच एक दोरी वरच्या जबड्यात अडकवून मागे ओढली, दुसरी खालच्या जबड्यात. आता तोंड मिटू शकत नव्हतं. सरूबाईला आम्ही लांब उभं केलं होतं, पण तिचं बोलणं कोण लांब ठेवणार? "बस रे बेटा. बाई चांगली आहे. हालू नको."

मी टॉर्चचा झोत आत टाकला. लाळ, सुजलेल्या हिरड्या, घाण वास. आणि टाळूला आडवं, दोन बाजूंच्या दाढांत घट्ट रुतलेलं, पिवळट, जाडजूड, सुंदर हाड! इतकं सुंदर हाड मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"हाड आहे!" मी किंचाळले.

"हाड आहे!" देवाजी ओरडले.

"हाड हाय म्हणते!" तणसावरून बातमी निघाली, गाडीवर गेली, छपरावर गेली. इतक्या वेगाने आमचं एकही कार्ड कधी गेलं नव्हतं.

पहिल्यांदा चिमटा सटकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी हाड पिरगाळून एका बाजूने खाली ओढलं आणि ते 'टक्' करून सुटलं. देवाजींनी दोऱ्या ढिल्या केल्या. तहसीलदाराने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. इतक्या दिवसांनी तोंड मिटता आल्याचं नवल त्याला आवरेना. पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं, तर ते रिकामं होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. तणसावरचे लोक घसरत खाली आले. सरूबाई जमिनीवर फतकल मारून बसली आणि हसता हसता रडू लागली. मीही कोपरापर्यंत लाळेने भरलेल्या हातमोज्यांनी टाळ्या वाजवत होते. देवाजी "मॅडम, हात! हात!" म्हणून ओरडत होते.

तरी नियम तो नियम. कुत्रा दहा दिवस सरूबाईच्या दारात बांधून ठेवायचा. त्या दहा दिवसांत तो मेला असता, तर माझ्या आणि देवाजींच्या पोटात चौदा-चौदा इंजेक्शनं ठरलेली होती. मी रोज लुनावरून जाऊन त्याला लांबून पाहायची. चौथ्या दिवशी तो माझ्यावर भुंकला. मी परत येऊन देवाजींना सांगितलं, तर त्यांनी मारुतीला नारळ फोडला. दहाव्या दिवशी दोर सोडला आणि तहसीलदार सरळ पारीवर जाऊन आपल्या जागेवर बसला.

पण अहवाल त्याआधी शुक्रवारी द्यायचा होता. मी तो साहेबांना वाचून दाखवला. लिहिलं होतं की लहान जनावरांच्या बाबतीत या योजनेने एका आजारी कुत्र्याची सात पिसाळलेली कुत्री केली आणि एका निरोगी कुत्र्याचा बळी घेतला. पुढे हेही लिहिलं की त्याच कार्डांवरच्या तारखा नसत्या तर तो आजारी कुत्रा पिसाळलेला नाही अशी शंकासुद्धा मला आली नसती, त्याचा माग लागला नसता आणि तो वाचला नसता. तेव्हा कार्डं बंद करू नयेत. रिकाम्या ओळीच्या जागी रंग, खूण, मालकाचं नाव आणि 'किती दिवसांपासून' हे छापावं, आणि पत्रक काढण्याआधी कोणीतरी जाऊन जनावर पाहावं.

साहेब उठून नकाशापाशी गेले आणि एकेक करून पाच टाचण्या काढल्या. पहिल्या आणि पाचव्या गावची राहिली होती. पाचवी काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दहा दिवस होईपर्यंत पहिली राहू द्या," मी म्हटलं. "राहू दे," ते म्हणाले. विषाचा अर्ज नामंजूर झाला.

नवी कार्डं आली तेव्हा सरूबाई दवाखान्यात येऊन म्हणाली, "मलेबी वार्ताहर कर."

"तुम्हाला लिहिता येतं?"

"गुरुजी लिहिते ना. मी सांगीन तसं लिहिते. आता माह्या शब्दाबाहेर जात नाही तो."

आणि खरंच, दर बाजाराच्या दिवशी तिचं कार्ड येऊ लागलं. गावात काही आजार असो वा नसो. गुरुजी तिच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवायचे. बाकी वार्ताहर काही झालं तरच लिहायचे, त्यामुळे कार्ड आलं नाही म्हणजे गाव ठीक आहे की वार्ताहर लग्नाला गेलाय, हे आम्हाला कळायचं नाही. काही झालेलं नाही हेही कळवावं लागतं, ही गोष्ट खात्याच्या ध्यानात आली नव्हती, ती सरूबाईच्या आली. तिच्या कार्डामुळे दोन वेळा कोंबड्यांची मर आम्ही पहिल्या दिवशी पकडली.

माझी बदली व्हायच्या आधी आलेलं तिचं शेवटचं कार्ड मी कार्यालयात जमा केलं नाही. ते माझ्याकडे आहे. गुरुजींच्या सुवाच्य अक्षरात त्यावर लिहिलंय:

'कुत्रा बरा आहे. बकऱ्या बऱ्या आहेत. एक कोंबडी मुंगसाने नेली, रोग नाही. मांजर व्याली, तीन पिल्ले, सगळी लबाड. मी बरी आहे. मागच्या बाजाराले बाई सुकलेली दिसली. जेवते का नाही? किती दिवसांपासून आहे ते लिहून पाठव.'